सोजराबाईचा शिक्का आणि शुक्रवारचा पाय

वाघडोहच्या नगरपालिकेनं मटण तपासायला डॉक्टर नेमला होता, आणि तपासत होती सोजराबाई. डॉक्टर परभणीला पाच वर्षं शिकून आलेला. सोजराबाई दुसरीच्या परीक्षेच्या दिवशी हरवलेल्या म्हशीमागं ओढ्यावर गेली, ती शाळेकडं पुन्हा फिरकलीच नाही. म्हैस सापडली, एवढं मात्र खरं.

यात लबाडी कुणाची म्हणाल, तर तशी कुणाचीच नव्हती. दूध नासतं तसं हळूहळू झालं. एक्क्याण्णव साली ती कमेल्यात रोजंदारीवर लागली. कमेला म्हणजे गावाबाहेर नाल्याच्या कडेला पत्र्याचं छत, खाली फरशी, भिंतीला लोखंडी आकडे आणि एक नळ. पहाटे तिथं बोकडं कापायची, डॉक्टरनं तपासायची, चांगल्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारायचा आणि मगच ते बाजारात न्यायचं, असा कायदा. सोजराबाईचं काम रक्त धुवायचं, पोटातली घाण खड्ड्यात पुरायची, फिनेल टाकायचं आणि कुत्र्यांशी भांडायचं. शेवटचं काम कागदावर नव्हतं, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जायचा.

प्रमोद डॉक्टर नवा नवा आला तेव्हा पहाटे पाचला हजर असायचा. कलेजी उलटीपालटी करून बघायचा आणि सोजराबाईला दाखवायचा, कारण दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. "हे पांढरे ठिपके बघा बाई. हे पाण्याचे फोड बघा. हे माणसाच्या पोटात गेलं की झालं." सोजराबाई बघायची आणि ध्यानात ठेवायची. दुसऱ्या वर्षी डॉक्टर मोटारसायकलवरून न उतरताच बघू लागला. तिसऱ्या वर्षी त्याच्याकडं आणखी दोन गावं आली, लग्नही झालं, आणि पहाटेची थंडी त्याला सोसेनाशी झाली. शिक्का आधी कमेल्याच्या खिडकीत राहू लागला, मग सोजराबाईच्या पिशवीत, मग तिच्या कमरेच्या चंचीत, पानसुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी. डॉक्टर दहाला यायचा आणि आठवड्याभराच्या सह्या एका दमात करून जायचा.

गावात मटणवाले दोन. रामकिशन आणि चाँदपाशा. दोघांना वाटलं, बरं झालं, बाई अडाणी आहे. वर्षाच्या आत दोघंही डॉक्टरच्या दारात जाऊन बसू लागले, की साहेब, तुमीच येत जा. डॉक्टर शंभरात एखादं बोकड नापास करायचा. सोजराबाई बोकडाच्या डोळ्याची पापणी उलटून बघायची, तोंड उघडून वास घ्यायची, शेपूट उचलून खालची तपासणी करायची, चार पावलं चालवून बघायची, आणि जरा शंका आली की आलं तसं जित्तं परत.

"सोयरीक करून राहिली का माय बोकडासंगं?" रामकिशन वैतागून म्हणायचा.

"सोयरिकीला येवढं कोण पाहतं रे," सोजराबाई म्हणायची. "माह्या पोरीच्या येळंला आमी नुसतं घर पाह्यलं व्हतं. ते बी बाहेरून."

मटणवाल्यांची एक जुनी खोड होती. शिक्का एकाच पायावर असतो. तो पाय ते दुकानाच्या दारात टांगायचे आणि विकायचेच नाहीत. गिऱ्हाईक शिक्का बघून समाधानानं पिशवी पुढं करायचं, आणि पिशवीत पडायचं ते आतल्या बिनशिक्क्याच्या बोकडाचं. रविवारचा पाय शुक्रवारपर्यंत दारात लटकायचा, वाळून काळा व्हायचा, माश्यांच्या तीन पिढ्या त्याच्यावर लहानाच्या मोठ्या व्हायच्या, पण शिक्का जांभळाच्या जांभळा. रामकिशनच्या दारातला एक पाय तर इतके दिवस लोंबला की जाणारे-येणारे त्याला ओळखू लागले.

सोजराबाईनं यावर तोड काढली. वाघडोहात मटण आठवड्यातून चारच दिवस. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार देवीचा खरा, पण देवीला स्वतःलाच बोकड लागतं, त्यामुळं तिची काही हरकत नव्हती. म्हणजे मटणाचे दिवस चार, आणि बोकडाला पायही चारच. देवानं ठरवून पाठवल्यासारखे. सोजराबाईनं वाटणी केली. रविवारी शिक्का मागच्या उजव्या पायावर, मंगळवारी मागच्या डाव्या, बुधवारी पुढच्या उजव्या आणि शुक्रवारी पुढच्या डाव्या. शुक्रवारी दारात मागचा उजवा पाय शिक्का मिरवत असला की समजायचं, हा रविवारी मेलेला आहे.

याचं तिनं पत्रक काढलं नाही. पाण्याच्या नळावर दोन बायांना सांगितलं, तेवढं पुरलं. महिनाभरात गावातली शेंबडी पोरंसुद्धा दुकानासमोर उभी राहून पाय वाचू लागली. मटणवाल्यांची झोप उडाली, पण करतात काय. शिक्क्याचा पाय आता त्या दिवशीच्या त्या दिवशी विकावा लागे, आणि आतलं बोकडही शिक्क्याचंच आणावं लागे. गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस एकच उरला, तो म्हणजे प्रमोद डॉक्टर. त्याच्या घरी अंडंसुद्धा चालत नव्हतं. मटणाच्या गल्लीत त्याचा पाय कधी पडला नाही.

सोजराबाईचा नवरा सोनाजी हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचा. रोज जीपनं जायचा आणि संध्याकाळी नवरदेवासारखा पिवळा होऊन यायचा. बायकोच्या नोकरीनं त्याचं मटण सुटलं. ताटात बोटी पडली की सोजराबाई सहज सांगायची, ही कुठली, हिच्या शेजारी काय असतं आणि त्यात काय काय निघतं. चार-सहा महिन्यांत तो माणूस पिठल्यावर आला. लग्नाकार्यात तर यजमान तिला लांबूनच हात जोडायचे. ती नमस्काराला नमस्कार करायची आणि सरळ हंड्याकडं जायची. "कलेजी कुठंय ह्याची? मला आधी कलेजी दाखवा." एका वरबापानं तिला मानाचं लुगडं नेसवून पुढच्या ओटीवर बसवून ठेवलं, आणि दोन जणी पहाऱ्याला.

नव्व्याण्णव साली परभणीचे दोन तुकडे होऊन हिंगोली जिल्हा झाला. लोकांनी फटाके वाजवले. डॉक्टरनं मात्र वाजवले नाहीत. परभणी लांब होती तोवर तपासणीचा साहेब वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचा, तोही दुपारी, जेवणाच्या बेतानं. आता साहेब तासाभराच्या वाटेवर येऊन बसला. साहेब कसला, संध्या मॅडम. वय तीसच्या आतबाहेर, बोलणं मोजकं, आणि चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायची. अशा माणसाला काय करणार.

दोन हजार सालच्या हिवाळ्यात निरोप आला की शुक्रवारी सकाळी सातला मॅडम कमेला तपासायला येणार. बुधवारी दुपारी डॉक्टर सोजराबाईच्या घरी आला. आजवर कधी आला नव्हता. बाजेवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बाई, शिक्का द्या."

सोजराबाईनं चंची सोडली आणि शिक्का त्याच्या हातावर ठेवला. त्याला चुना लागला होता, तो डॉक्टरनं रुमालानं पुसला.

"शुक्रवारी मी स्वतः मारतो," डॉक्टर म्हणाला. "तुमी खराटा घेऊन नळापाशी उभ्या राहा. शिक्क्याचं नाव काढू नका. मॅडमला कळलं की सहा-सात वर्षं तुमी मारून राहिल्या, तर मी घरी आणि तुमी बी घरी. तुमची कायम करायची फाईल हिंगोलीतच पडलीय, ठाऊक हाय ना? तपासणीचा शेरा चांगला आला तर ती हालंल. न्हाई तर तिथंच तिला वाळवी लागंल. शुक्रवारी तोंडातून शब्द काढायचा न्हाई. बोला."

"आता बोलू का नको?" सोजराबाई म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर भिंतीला टेकून बसलेला सोनाजी म्हणाला, "तू बोलल्याबिगर राहशील?"

"एक दिवस न बोलल्यानं कोणी मरत न्हाई."

"तू मरशील," सोनाजी म्हणाला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

पण तिला फाईल हवी होती. नऊ वर्षं पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्या सडल्या होत्या, आणि रोजंदारीच्या माणसाला उद्या येऊ नको म्हणायला कुणाला दोन शब्दही लागत नाहीत. कायम झालं म्हणजे आजारपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन. गुरुवारी तिनं सुट्टी असून जाऊन फरशी घासली. आकडे राखेनं उजळले. नालीत काठी घालून नऊ वर्षांपूर्वीचा गाळ काढला. त्या फरशीवर नवरदेवाची पंगत बसवली असती तरी चाललं असतं.

बुधवारी सकाळी मात्र आणखी एक गोष्ट झाली होती. जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारातून आणलेलं एक बोकड रामकिशननं कमेल्यात आणलं होतं. सोजराबाईनं पापणी उलटली, तर डोळ्याचं पांढरं हळदीत बुडवल्यासारखं पिवळं. "कावीळ झालीय ह्याला. घेऊन जाय." रामकिशन कुरकुरत घेऊन गेला. मग त्याच्या कानावर आलं की शुक्रवारी डॉक्टर स्वतः शिक्का मारणार आणि म्हातारी नळापाशी उभी राहणार. त्यानं बोकडाला दोन दिवस चांगला पाला घातला. माणूस काही वाईट नव्हता. फक्त संधी आली की तिला नाही म्हणायची सवय त्याला नव्हती.

शुक्रवारी डॉक्टर पाचला आला. पांढरा कोट घालून. कोटावर पेटीतल्या घड्या तशाच उभ्या होत्या. सोजराबाई कबूल केल्याप्रमाणं बाहेर नळापाशी उभी. आत पाच बोकडं सोलून आकड्याला लागली, तीन चाँदपाशाची, दोन रामकिशनची. डॉक्टर कैक वर्षांनी इतक्या जवळून मांसापुढं उभा राहिला होता. त्यानं रुमाल नाकाला लावला, एका हातानं टॉर्च फिरवली आणि पुस्तकात लिहिलंय तसा पाचहीवर टपाटप शिक्का मारला. मागच्या उजव्या पायावर.

सोजराबाईनं दारातून ते पाहिलं. तोंड उघडलं. मग शब्द दिलेला आठवला आणि मिटलं. मटणवाल्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे. ते घाईत होते. पाचही बोकडं हातगाड्यांवर घालून त्यांनी बाजाराची वाट धरली.

सातला मॅडम आली. तिनं फरशी पाहिली, नाली पाहिली, खड्डा पाहिला, आकड्यावर बोट फिरवून बोट पाहिलं. "फार स्वच्छ ठेवलंय," ती म्हणाली. डॉक्टर लाजला, जसं काही त्यानंच घासलं होतं. मॅडमनं रजिस्टर उघडलं. पानंच्या पानं एकाच शाईत, एकाच वळणात.

"तपासणी आणि शिक्का रोज तुम्हीच करता?"

"व्हय मॅडम, मीच."

सोजराबाई खराट्याकडं बघत होती. इतकं निरखून तिनं खराट्याकडं जन्मात बघितलं नव्हतं.

शेरा लिहायला मॅडमनं पेन काढलं आणि बाजाराकडून गलका ऐकू आला. पुढं शालूबाई, हातात रिकामं पातेलं. तिचा जावई रात्रीच मुक्कामाला आला होता. मागं पंधरा-वीस गिऱ्हाइकं, त्यांच्यामागं हातगाड्या ढकलत घामाघूम झालेले चाँदपाशा आणि रामकिशन. गाडीवर पाचही बोकडं तशीच्या तशी.

"काय झालं?" मॅडमनं विचारलं.

"बासं मटण इकून राहिले," शालूबाई म्हणाली. "रविवारचं. जावयाला घालू का हे? त्यो आधीच नांदवायला नखरे करून राहिला."

"आत्ता पहाटे कापलंय," डॉक्टर म्हणाला. "मी स्वतः शिक्का मारलाय."

"मंग पाय रविवारचा काहून?"

डॉक्टरला काही कळेना. मॅडमलाही कळेना. शालूबाईनं पातेलं काखेत धरलं आणि लहान लेकराला समजवावं तसं चारही पाय, चारही वार आणि देवांच्या सुट्ट्या मॅडमला समजावून सांगितल्या. मागच्या गिऱ्हाइकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "मॅडम नवीन हाय बाई, सावकाश सांग."

मॅडमनं पेन बंद केलं. "हे कुणी ठरवलं?"

डॉक्टर आपल्या कोटाच्या गुंड्या मोजत होता. शेवटी चाँदपाशा म्हणाला, "मॅडम, मेरे तीन बकरे धूप में हैं. ये अम्मा का कायदा है." आणि त्यानं नळाकडं हात केला.

मॅडमनं डॉक्टरच्या हातून शिक्का घेतला आणि सोजराबाईपुढं धरला. "मारून दाखवा. शुक्रवारचा पाय."

डॉक्टर तिच्याकडं बघत होता. त्याचे डोळे म्हणत होते, मारा आणि संपवा, पाच शिक्के, मग मी सांभाळून घेतो, फाईल हालंल. सोजराबाईला ते सगळं कळलं. तिनं हात धुतले, शिक्का घेतला. चाँदपाशाचं पहिलं बोकड वाकून पाहिलं, आत हात घालून पाहिलं, पुढच्या डाव्या पायावर शिक्का मारला. दुसरं. तिसरं. रामकिशनचं एक. पाचव्यापुढं ती थांबली.

ते बोकड पिवळं होतं. वरून खालपर्यंत हळद चोळलेली.

"माश्या बसू नये म्हणून दुकानात लावलीय माय," रामकिशन भराभर म्हणाला. "मोंढ्यातली असली हळद हाय. मार ना."

शालूबाई पातेलं घेऊन तिथंच उभी होती. नवा शिक्का बसला की पहिली पुढं व्हायला. डॉक्टर हळूच म्हणाला, "बाई, त्याच्यावर माझा शिक्का आधीच हाय." म्हणजे हे नापास केलं तर मी काविळीचं बोकड गावाला खाऊ घालत होतो, हे मॅडमच्या देखत ठरतंय. आणि मी बुडालो तर माझ्या मागनं तुझी फाईल बुडतेय.

सोजराबाईनं शिक्का चंचीत टाकला. चुन्याची डबी काढली.

नवऱ्याचे हळदीचे सदरे साबण लागला की लाल होतात, हे ती वीस वर्षं बघत होती. लग्नात हळदीत चुना कालवला की कुंकवासारखं होतं, हे तर कुणालाही माहीत. तिनं बोटावर चुना घेऊन बोकडाच्या पाठीवर ओढला. रेघ लाल उमटली.

"बघा, हळदच हाय," रामकिशन म्हणाला.

"व्हय, वरची हळद हाय." तिनं त्याच्याच कमरेची सुरी काढली, बोकडाच्या आत गुरद्यापाशी, जिथं कुणाचा हळदीचा हात पोचणार नाही, तिथली चरबी चिरली. आतली चरबीही पिवळीधमक. त्यावर चुन्याचं बोट ओढलं. सगळे वाकून बघू लागले. चुना पांढरा राहिला, चरबी पिवळी राहिली. लाल काही झालं नाही.

"ही हळद आतून आलीय," सोजराबाई म्हणाली. "बुधवारी मी ह्याचे डोळे पाह्यले व्हते. तवा कावीळ म्हणून परत लावलं. दोन दिवसात त्याची कावीळ गेली न्हाई, निस्तं कातडं गेलं."

शालूबाईनं पातेलं मागं घेतलं. मग रामकिशनकडं बघून म्हणाली, "माह्या जावयाच्या जिवावर उठलास व्हय रे." गिऱ्हाइकांत कुणीतरी हसलं, कारण जावयाबद्दल तिचं मत गावाला ठाऊक होतं.

मॅडमनं स्वतः चरबीला हात लावून पाहिला. तोच तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. बोकड खोल पुरायला लावलं, वरून फिनेल ओतायला लावलं. रामकिशनला दंडाची नोटीस आणि डॉक्टरला खुलाशाची नोटीस तिनं तिथंच, हातगाडीवर कागद ठेवून लिहिली. मग सोजराबाईला बाजूला घेतलं.

"इतकी वर्षं तुम्ही शिक्का मारताय?"

"व्हय."

"कायद्यात बसत नाही हे, मावशी."

"ठाऊक हाय. म्हणून तर चंचीत ठेवत व्हते."

मॅडम हसली नाही. हात पुढं केला, सोजराबाईनं शिक्का काढून दिला. मॅडमनं तो डॉक्टरला दिला. शेरा काय लिहिला ते कुणी वाचलं नाही. ती थर्मासमधला चहा पिऊन निघून गेली.

घरी सोनाजीनं विचारलं, "बोललीस?"

"आधी न्हाई बोलले. मंग बोलले."

"फाईल?"

"गेली," सोजराबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. पुढचे तीन महिने ती रोज वाट बघायची, की आज कुणीतरी म्हणेल, उद्यापासून येऊ नको. कुणी म्हणालं नाही. पण सोपं नव्हतं ते. एरवी कुत्र्यांशी भांडणारी बाई त्या दिवसांत कुत्र्यांनाही जपून बोलायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला हिंगोलीहून कागद आला. डॉक्टरनंच वाचून दाखवला, कारण वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. सोजराबाई कायम. पद, सफाई कामगार. शिक्का मात्र पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्याच ताब्यात राहील आणि त्यानं रोज पहाटे पाचला कमेल्यात स्वतः हजर राहावं.

"शिक्का गेला म्हणून वाईट वाटलं का?" कागदाची घडी घालत डॉक्टरनं विचारलं.

"मला काहून वाटंल. आता पाचाला तुमाला उठा लागतंय."

प्रमोद डॉक्टर वर्षभर उठला. मग त्याला पाठीचं दुखणं निघालं आणि त्यानं बदली मागून घेतली. त्याच्या जागी रणजीत डॉक्टर आला, कॉलेजातून नुकताच निघालेला, बुटाला अजून दुकानातला वास. पहिल्या पहाटे त्याला कमेल्यापर्यंत कुणी आणलं असेल, तर रामकिशननं. त्याचा इलाज नव्हता. त्या शुक्रवारपासून सोजराबाईनं मान हलवल्याशिवाय त्याच्या दुकानातून कुणी खुरसुद्धा नेत नव्हतं. शिक्का कुणाच्याही हातात असो.

"माय, हे नवीन डॉक्टर," रामकिशन म्हणाला. "जरा हाताखाली घे यांना."

सोजराबाईनं पाइप बंद केला. डॉक्टरला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोकडाला पाहतात तसं. मग दावणीचं पहिलं बोकड पुढं ओढून त्याचं डोकं डॉक्टरच्या हातात दिलं. डॉक्टर वाकला, पापणी उलटली, बघितलं.

"काय दिसून राहिलं?"

"ठीक वाटतंय."

"पुन्हा बघा," सोजराबाई म्हणाली आणि पाइप घेऊन फरशीकडं वळली.